पाइन ओळखायचा तर आधी सुयांचा जुडगा बघा

नागपुरातल्या प्रतापनगरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या घरासमोर सुईसारख्या पानांचं उंच झाड आहे. माळी त्याला पाइन म्हणतो, शेजारचे ख्रिसमस ट्री म्हणतात. उन्हाळ्यात आम्ही शिमला-मनालीला गेलो होतो, तिथून मुलीने पाच-सहा शंकू आणले. सातवीच्या प्रकल्पवहीत तिला त्यांची नावं लिहायची आहेत. सुया आणि शंकू पाहून पाइनची जात कशी ओळखायची?"

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळ्या वाटेने शोधावी लागतात. घरासमोरच्या झाडाबद्दलचा प्रश्न "कोणता पाइन" हा नाही. "हा पाइन आहे का" हा आहे. शंकूंच्या बाबतीत अडचण उलटी आहे. ते बहुधा खऱ्या सूचिपर्णी झाडांचेच असतील, पण झाडापासून आणि सुयांपासून तुटून ते साडेबाराशे-पंधराशे किलोमीटर दूर आलेले आहेत. नुसता शंकू हातात घेऊन नाव सांगणं कधी सोपं असतं, कधी अशक्य. मी नागपुरात अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन हिमालयात सहली केल्या, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी घरासमोरचं झाड. आपल्याकडे उभं, टोकदार, बारीक पानांचं काहीही दिसलं की त्याला पाइन म्हणायची सवय आहे. पण पाइनची खूण झाडाच्या आकारात नसते, सुया फांदीला कशा लागतात त्यात असते. पाइनच्या सुया एकेकट्या येत नाहीत. दोन, तीन किंवा पाच सुया मिळून एक जुडगा होतो. त्याच्या बुडाशी पातळ, तपकिरी, कागदासारख्या पापुद्र्याचं म्यान असतं. काही जातींत हे म्यान शेवटपर्यंत राहतं, काहींत लवकर गळतं. हा जुडगा म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने एक अतिशय आखूड राहिलेली फांदीच. म्हणून तो गळतोही अख्खा. झाडाखाली पडलेल्या वाळक्या सुया उचलल्या तरी त्या बुडाशी एकत्र धरलेल्या सापडतात. ही एक गोष्ट मुलीला नीट दाखवली तर निम्मं काम झालं.

आता तुमच्या झाडाची एक "सुई" तोडा आणि दोन्ही टोकं धरून हलकेच ओढा. ती मधल्या पेरावर टक्कन सुटली आणि परत जोडता येईल अशी दिसली, तर ते सुरूचं झाड आहे. कोकणात समुद्रकाठी ज्याची बनं असतात तोच सुरू. त्याची सुई ही पान नाहीच, ती पेरापेरांची हिरवी काडी आहे. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेराभोवतीचे बारीक दातांसारखे खवले. दहा पटींचं साधं भिंग लावलं तर सहा ते आठ दातांचं कडं स्पष्ट दिसतं. सुरूला लागणारे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचे खडबडीत गोंडे शंकूसारखे दिसतात, पण ती फळं आहेत. सुरू हा फुलं येणारा वृक्ष आहे, पाइनपेक्षा आंब्या-पिंपळाच्या जवळचा.

सुई ओढून सुटली नाही आणि फांद्या मजल्यामजल्याने, चक्राकार निघालेल्या असल्या, प्रत्येक बारीक फांदी आखूड, आत वळलेल्या टोकदार पानांनी दोरखंडासारखी विणलेली वाटली, तर तो अरौकेरिया. आपल्याकडे नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून विकतात तो हाच. हा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. त्याच्या इंग्रजी नावातही पाइन आहे, म्हणून गोंधळ वाढतो, पण पाइनच्या कुळाशी त्याचा थेट संबंध नाही. पानं एकेकटी येतात, जुडगा नाही. यातल्या कुक पाइन नावाच्या जातीची एक गंमत मुलीला जरूर सांगा. जगभरातली झाडं मोजून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की ही झाडं विषुववृत्ताच्या दिशेला कलतात. उत्तर गोलार्धातली दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे. तुमचं झाड तेच निघालं तर होकायंत्र घेऊन त्याचा कल तपासायला तिला सांगा. प्रकल्पाला याहून चांगलं निरीक्षण नाही.

चपटी, जाळीदार, उभ्या पंख्यासारखी फांदी असेल तर ती मोरपंखी. शाळेच्या, सरकारी कचेऱ्यांच्या आवारात कुंपणाला लावतात ती. तिच्यातही सुया नाहीत, खवले आहेत.

नागपुरात खरा पाइन अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या बंगल्यांसारख्या आवारात कुणी हौसेने लावलेला एखादा चीड सापडू शकतो, कारण चीड हा पाइनांमध्ये उष्णता सोसणारा आहे. पण निसर्गतः इथे एकही पाइन वाढत नाही. द्वीपकल्पीय भारतात मूळचा म्हणावा असा सूचिपर्णी गणातला वृक्ष एकच, तो पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात आहे, आणि त्याची पानं चांगली रुंद असतात. तोही पाइन नव्हे. मात्र फार मागे गेलं तर चित्र बदलतं. नागपूरच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात जे जीवाश्म मिळाले, त्यांत सूचिपर्णी झाडांचे दगड झालेले शंकू आहेत. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी १९३१ साली त्यातल्या एकाला टाकळीवरूनच "टाकलीओस्ट्रोबस" असं नाव दिलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शंकू धरणारी झाडं या मातीत होती. तुमच्या मुलीच्या वहीत शिमल्याच्या शंकूशेजारी या ओळीला जागा मिळाली तर मला फार आनंद होईल.

आता शंकूंकडे वळू. पहिली गोष्ट, शंकू कुठे उचलला ते आठवतंय का? हा प्रश्न मी नेहमी सर्वांत आधी विचारतो, कारण हिमालयात उंची कळली की निम्म्या शक्यता गळून पडतात. कालकाहून शिमल्याकडे चढताना रस्त्याच्या कडेला जे लांब सुयांचे पाइन दिसतात ते चीड. चीड साधारण ५०० ते २००० मीटरपर्यंत असतो. शिमला २२०० मीटरच्या आसपास आहे, तिथे देवदार आणि कैल (पाच सुयांचा पाइन) सुरू होतात. मनालीतही मुख्यतः देवदार आणि कैलच. कैल १८०० मीटरपासून जवळपास वृक्षरेषेपर्यंत, म्हणजे ज्या उंचीच्या वर झाडं वाढत नाहीत तिथपर्यंत, जातो. म्हणजे बसने वाटेत चहाला थांबलात तिथे उचललेला शंकू आणि मनालीच्या जंगलात उचललेला शंकू हे वेगळ्या झाडांचे असण्याची दाट शक्यता आहे. दुकानातून विकत घेतला असेल, त्यावर रंग किंवा चकाकी मारलेली असेल, तर मात्र ठिकाणाचा काही उपयोग नाही. तो कुठूनही आलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक सांगतात, आणि नागपूरकरांना ती माहीत असायलाच हवी. शंकू कोरड्या हवेत उघडतो आणि ओलाव्यात मिटतो. झाडावरून पडल्यावरही, अगदी अनेक वर्षांनीही. प्रत्येक खवल्याच्या बाहेरच्या बाजूचा थर वाळताना आतल्या थरापेक्षा जास्त आकसतो, म्हणून खवला बाहेर वळतो. ओलं झालं की परत आत येतो. बीज कोरड्या, वाऱ्याच्या दिवशीच सुटावं यासाठीची ही व्यवस्था. आपल्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, गच्चीवर ठेवलेला शंकू फुलासारखा पूर्ण उमलतो. तोच कूलरच्या समोरच्या कपाटावर ठेवा, हळूहळू आवळायला लागतो. त्यामुळे "माझा शंकू गोल आहे" किंवा "लांबट आहे" या वर्णनावर मी कधीच विसंबत नाही. मुलीला सांगा, एक शंकू बादलीत बुडवून काही तास ठेव. मिटला की त्याची लांबी मोज. मग वाळवून उघडला की पुन्हा मोज. दोन्ही आकडे लिहून ठेवले तरच तुलना करता येते.

आता एकेक खवला बघा. पाइनच्या खवल्याच्या टोकाला जाडसर भाग असतो आणि त्यावर एक छोटी गाठ किंवा टेंगूळ. हे टेंगूळ म्हणजे खवल्याचं पहिल्या वर्षीचं टोक. पाइनचा शंकू एका हंगामात पिकत नाही, त्याला साधारण दोन वर्षं लागतात. पहिल्या वर्षी इवलासा राहतो, दुसऱ्या वर्षी झपाट्याने वाढतो, आणि पहिल्या वर्षीची खूण त्या गाठीच्या रूपाने राहून जाते. हे मला एका चुकीमुळे पक्कं लक्षात राहिलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने आणलेल्या लांबट, दंडगोल शंकूला मी लांबी पाहून कैल म्हटलं आणि त्याने तसं लिहूनही टाकलं. पुढच्या सहलीत तेच शंकू झाडाला लटकलेले दिसले. ते झाड होतं हिमालयातलं स्प्रूस, तिथले लोक ज्याला राई म्हणतात. त्याचे खवले गोल कडेचे, गुळगुळीत असतात. त्यांवर गाठ नसते, कारण तो शंकू एकाच वर्षात तयार होतो. गाठ शोधली असती तर मी चुकलो नसतो. परत आल्यावर त्या मुलाला बोलावून वही दुरुस्त करून घेतली. तेव्हापासून लांबी नंतर, गाठ आधी.

गाठ सापडली, म्हणजे पाइन. मग ती कुठे आहे ते बघा. खवल्याच्या जाडसर भागाच्या मधोमध उठलेली असेल तर चीड, खासी पाइन, चिलगोजा या बाजूचे. अगदी टोकाच्या कडेला असेल तर कैलच्या बाजूचा.

चीडचा शंकू एकदा हातात घेतला की विसरत नाही. वजनदार, अंड्याच्या आकाराचा, दहा ते वीस सेंटीमीटर. खवले लाकडासारखे टणक, त्यांची टोकं पिरॅमिडसारखी फुगलेली आणि मागे वळलेल्या चोचीची. हातात घट्ट दाबला तर टोचतो. त्याच्या सुया एका जुडग्यात तीन, वीस ते तीस सेंटीमीटर लांब. म्हणजे लांबातली लांब सुई शाळेच्या मोठ्या फूटपट्टीएवढी भरते. म्यान शेवटपर्यंत राहतं. सालीला जाड, खोल भेगांचे तुकडे. कुमाऊँ-गढवालमध्ये त्याच्या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात आणि उन्हाळ्यात तिथे वणवे पसरतात ते बरेचदा या पिरूलच्या थरामुळे. खोडाला खाचा पाडून जी राळ गोळा करतात तिला ते लीसा म्हणतात. आपल्याकडे आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात गंधबिरोजा मिळतो, तोही याच झाडाचा. इतवारीच्या बाजारात गेलात तर मुलीला त्याचा वास घ्यायला द्या. चीडच्या जंगलाचा वास नागपुरात बसून कळण्याचा हा सोपा मार्ग आहे.

कैल नेमका उलट स्वभावाचा. शंकू केळ्यासारखा लांब, पंधरा ते तीस सेंटीमीटर, देठाने लोंबणारा. खवले पातळ, टोचत नाहीत, आणि त्यांवर पांढरट राळेचे ओघळ वाळलेले असतात. बोटाला चिकटतात. सुया पाच, नाजूक, निळसर हिरव्या, खाली झुकलेल्या. लहानपणीच म्यान गळून गेलेलं असतं. पाच सुया मिळाल्या आणि शिमला-मनालीचाच नमुना असेल तर मी निःशंक कैल म्हणतो.

चिलगोजा तुम्हाला बहुधा मिळालेला नसेल. तो किन्नौरसारख्या कोरड्या, आतल्या खोऱ्यांत वाढतो आणि त्याचे शंकू बियांसाठी झाडावरूनच काढले जातात. त्याच्याही सुया तीन, पण सहा ते दहा सेंटीमीटर, ताठ, आणि म्यान गळणारं. साल मात्र पाइनांमध्ये वेगळीच. राखाडी-हिरवी, गुळगुळीत, पेरूच्या सालीसारखी तुकड्यातुकड्यांनी सुटणारी. बाजारात तो सुक्या मेव्यात लांब, तपकिरी बियांच्या रूपात दिसतो. खासी पाइन मेघालयाकडचा. तीन अतिशय बारीक सुया, शंकू लहान, पाच ते नऊ सेंटीमीटर. निलगिरीच्या सहलीत जो पाइन दिसतो तो बराचसा मेक्सिकोहून आणून लावलेला आहे, त्यामुळे उटीचा शंकू असेल तर हिमालयाच्या यादीत त्याला शोधू नका.

तुमच्या पाच-सहा शंकूंत लाकडी गुलाबासारखं काही आहे का? असणारच, मुलं ते हमखास उचलतात. तो देवदार आहे. देवदार पाइनच्या कुळातला आहे, पण पाइन नाही. त्याचा शंकू फांदीवर पिंपासारखा उभा असतो आणि झाडावरच सुटा होऊन खवला खवला खाली पडतो. जमिनीवर अखंड मिळतो तो फक्त त्याचा शेंडा, गुलाबाच्या आकाराचा. सुया आखूड, अडीच ते पाच सेंटीमीटर, आणि जुडगा दोन-तीन-पाचांचा नसून आखूड फांदीच्या टोकाला वीस-तीस-चाळीस सुयांचं चक्र असतं. म्यान नाही. वहीत "देवदार, हिमाचल प्रदेशाचा राज्यवृक्ष" असं खुशाल लिहा.

आता सुया मोजण्याबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक जुडगा मोजून थांबू नका. वेगवेगळ्या फांद्यांवरचे वीस तरी मोजा आणि जास्तीत जास्त वेळा जो आकडा येतो तो धरा. तीन सुयांच्या झाडावर मधूनच दोनचा किंवा चारचा जुडगा येतो, आणि मुलाच्या हाताने एखादी सुई तुटलेलीही असते. आकड्याची खात्री करायला एक छान पडताळा आहे. जुडग्यातल्या सगळ्या सुया एकत्र मिटल्या की एक गोल काडी तयार होते. दोन सुया असतील तर प्रत्येकीचा छेद अर्धगोल असतो, तीन किंवा पाच असतील तर संत्र्याच्या फोडीसारखा पाचरीचा. ब्लेडने सुई आडवी कापून भिंगातून बघा. फोड रुंद असेल तर तीन, अरुंद असेल तर पाच. हे ब्लेडचं काम मुलीने मोठ्या माणसासमोरच करावं.

दुसरी सावधगिरी रोपांबद्दल. नर्सरीतून चीडचं वर्षा-दोन वर्षांचं रोप आणलं तर त्यावर जुडगे दिसणारच नाहीत. कोवळ्या रोपाची पानं एकेकटी, आखूड, करडी-निळसर असतात, जुडगे नंतर येतात. "जुडगा नाही म्हणजे पाइन नाही" हा नियम मी वर सांगितला तो वाढलेल्या झाडापुरता आहे.

माझा क्रम एवढाच: आधी सुयांचा जुडगा आणि म्यान, मग ठिकाण आणि उंची, मग शंकूवरची गाठ, मग मिटलेल्या आणि उघडलेल्या शंकूची लांबी, शेवटी साल आणि वास. तुमच्याकडे सुया नसल्यामुळे पहिली पायरीच तुटलेली आहे, त्यामुळे एक-दोन शंकूंपुढे "पाइन, जात निश्चित नाही" असं लिहावं लागेल. तसं लिहायला मुलीने कचरू नये. आमच्या विभागात एका सहलीनंतर सगळे शंकू एका पिशवीत आणि सगळ्या सुया दुसऱ्या पिशवीत आल्या होत्या. कोणत्या सुया कोणत्या शंकूच्या, हे सांगायला कुणी नव्हतं. मी बरेचसे नमुने बाजूला काढून टाकले. वाईट वाटलं, पण चुकीचं नाव लागलेला नमुना कपाटात राहिला की पुढची वीस वर्षं मुलं त्यावरून चुकीचं शिकतात. तेव्हापासून माझा नियम असा की झाडाखालीच शंकूच्या देठाला दोऱ्याने त्याच झाडाचे पाच-सहा जुडगे बांधायचे, चिठ्ठीवर गाव, तारीख आणि मोबाइलवर दिसणारी उंची लिहायची, आणि सगळं एका वर्तमानपत्रात गुंडाळायचं.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तर तीन पाठवा. एक फांदीचा, ज्यात सुयांचं बूड स्पष्ट दिसेल. एक शंकू आडवा, शेजारी पट्टी ठेवून. आणि एकच खवला अगदी जवळून, गाठीसकट. कैलच्या शंकूची राळ मुलीच्या हाताला लागली असेल तर पाण्याने निघणार नाही. खोबरेल तेल चोळून मग साबणाने धुवायला सांगा.